ताम्रपट आणि पोथी

दसऱ्याच्या चार दिवस आधी माझ्या आजोळी माळ्यावरची शिसवी पेटी खाली उतरे. गाव मेहकर तालुक्यातले, घर पटवाऱ्याचे, आणि पेटी इतकी जड की ती उतरवायला दोन गडी लागत. आजोबा मात्र ती ओसरीवर टेकवण्यापलीकडे त्या गड्यांना तिला हात लावू देत नसत. मग तांबड्या खारव्याचे रुमाल एकामागून एक सुटत. आतले ताव, बंद आणि शिवलेल्या वह्या पावसाळ्याची ओल निघून जावी म्हणून दिवसभर सावलीत पसरल्या जात. मागल्या वर्षीच्या वेखंडाच्या कांड्या फेकून नव्या घातल्या जात. आणि दसऱ्याला त्या साऱ्या पसाऱ्यावर हळदकुंकू वाहिले की पेटी पुन्हा वर जाई. कागदाला ऊन दाखवायचे नाही, वारा दाखवायचा, एवढी एकच गोष्ट आजोबा आम्हा मुलांना दरवर्षी सांगत. त्या कागदांत लिहिले काय आहे, ते मात्र त्यांनी कधी सांगितले नाही आणि मोडी येत नसल्यामुळे आम्हांला ते वाचताही आले नाही.

लहानपणी मी तो एक कुळाचार समजत असे. मोठेपणी वतनी व्यवस्थेविषयी थोडेफार वाचन झाल्यावर त्यामागचा रोकडा हिशेब ध्यानात आला. देशमुख, देशपांडे, पाटील, पटवारी यांचे हक्क ज्या सनदांवर, महजरांवर आणि जमाबंदीच्या कागदांवर उभे होते, ते कागद कचेरीत नव्हे तर त्यांच्याच घरात असत. कागद गेला की हक्क गेला, आणि हक्क गेला की चूल गेली, हे ज्याला पक्के ठाऊक होते त्याने वाळवीला, उंदराला आणि भाऊबंदाला त्या पेटीजवळ फिरकू दिले नाही. जुन्या कागदपत्रांची मायक्रोफिल्म काढावी की स्कॅनिंग करून ते संगणकात साठवावेत, हा प्रश्न आता आमच्या बुलढाण्यासारख्या आडवाटेच्या जिल्ह्यातही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला तो दोन यंत्रांमधील निवडीचा वाटतो. मला मात्र त्या प्रश्नाच्या पोटात दरवेळी आजोबांची पेटी दिसते.

जिल्हा आडवाटेचा असला तरी त्याच्या कागदांनी फार प्रवास केलेला आहे. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकरचे नाव आहे, म्हणजे आज तालुक्याचे ठिकाण असलेले हे गाव एके काळी एका सरकारचे मुख्यालय होते आणि तेथे फारसी दप्तर चालत होते. सिंदखेडला जाधवांचे घराणे नांदत होते, ज्या घराण्यात जिजाऊसाहेबांचा जन्म झाला. पुढे ऑक्टोबर १७२४ मध्ये याच परिसरातील साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला, गावाचे नाव फत्तेखेर्डा झाले, आणि त्या एका दिवसाच्या लढाईने दख्खनचा कारभार, व त्याच्यामागोमाग वऱ्हाडचे दप्तर, हैदराबादच्या दिशेने वळले. त्यानंतर निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली आली. एकाच शेताच्या महसुलावर दोन सरकारांचे कारकून लेखण्या सरसावून बसत, आणि एकाच पिकाचे दोन हिशेब दोन दप्तरांत जात. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांकडून गेला. १८५३ च्या तहाने, हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी, तो निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेत आला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. प्रत्येक वेळी माणसे जागच्या जागी राहिली, नांगर त्याच तासात चालला, पण कागद मात्र नव्या धन्याच्या गावी गेला. म्हणून बुलढाणा जिल्ह्याचा भूतकाळ वाचू पाहणाऱ्यास काही फारसीत, काही मोडीत, काही इंग्रजीत, काही हैदराबादेस, काही नागपुरास, आणि उरलेला कुणाच्या तरी माळ्यावर, असा वेचावा लागतो.

बुलढाण्याचे वकील यादव माधव काळे यांनी हे वेचण्याचे काम केले. त्यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ साली निघाला आणि ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ साली. विद्यापीठ नाही, मोठे ग्रंथालय नाही, अशा टेकडीवरच्या गावात बसून एका वकिलाने प्रांताचा इतिहास सिद्ध करावा, याचे कौतुक आहेच. पण ते काम वकिलाने केले यात मला नवल वाटत नाही. कागद हा पुरावा असतो, आणि पुरावा अस्सल आहे की नक्कल हे पाहिल्याशिवाय पुढे बोलायचे नसते, ही सवय कोर्टाच्या आवारात जितकी अंगवळणी पडते तितकी इतरत्र क्वचितच.

परंतु सनदा आणि तहनामे ही थोरांची मिरास झाली. सामान्य रयतेचा इतिहास ज्यात दडलेला आहे ती चीज निराळी, आणि ती म्हणजे कोतवाल बुक. गावात जन्म झाला, मृत्यू झाला, की त्याची नोंद या बुकात व्हावी, असा इंग्रजी अमलातला दंडक; कोतवालाला बहुधा लिहिता येत नसे, म्हणून लिहिण्याचे काम पाटील-पटवारी किंवा शाळामास्तर करीत आणि बुक नेण्या-आणण्याचे काम कोतवालाच्या पायांकडे असे. मी पाहिलेले एक पान सांगतो. आडवे, खाकी झाक आलेले, डावी कड घामाच्या हातांनी काळवंडलेली. रकान्यांत तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि मरण असेल तर कारण. जन्मलेल्या मुलाचे नाव नाही, कारण बारशाच्या आधीच नोंद होई. नुसते अमक्यास मुलगी झाली. त्याच पानावर खाली, सात ओळींत पाच वेळा, कारणाच्या रकान्यात ‘ताप’. शेजारी तांबड्या शाईत तपासणाऱ्या अंमलदाराची आडवी सही. एका खेड्यात त्या आठवड्यात काय झाले असेल, ते सांगणारा दुसरा कागद त्रिभुवनात नाही.

या बुकाला अलीकडे अकस्मात भाव आला. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणून कोतवाल बुकाची नक्कल किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराचा उतारा पुढे करावा लागतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा ज्या अभिलेख कक्षांची कुलपे वर्षानुवर्षे निघाली नव्हती ती निघाली, आणि मोडी वाचणारा माणूस, ज्याला त्याच्या घरचे लोकही छंदिष्ट समजत, तो तहसील कचेरीत खुर्ची देऊन बसवला गेला. माझ्या मनात तेव्हा आले की ही पेटी पुन्हा उघडली ती भाकरीसाठीच.

उघडून पाहतात तो आत काय? अठराव्या शतकातला जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद, काजळ आणि बाभळीच्या डिंकाच्या शाईत लिहिलेला, अजून हातात घेतला तर कापडासारखा लवतो; आणि त्याच्यापेक्षा शंभर-सव्वाशे वर्षांनी तरुण असलेले इंग्रजी अमदानीतले रजिस्टर पान उलटताच पापडासारखे मोडते. याचे कारण उघड आहे. जुना कागद चिंध्यांचा, किंवा ताग-अंबाडीच्या लांब धाग्यांचा. नवा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात तुरटी आणि राळेची खळ, आणि ती खळ हवेतल्या ओलाव्याशी मिळून कागदाच्या अंगातच आम्ल तयार करते. वरून माजूफळ आणि हिराकस यांची शाई. ती जिथे दाट पडली तिथे अक्षराच्या आकाराची भोके पडतात. त्यातही वर्तमानपत्राचा कागद सर्वांत हलका. अकोल्याच्या ‘वऱ्हाड समाचार’सारख्या जुन्या पत्रांचे अंक ज्यांनी चाळले आहेत त्यांना ठाऊक आहे की वाचून झाल्यावर मांडीवर जो भुगा उरतो तोही अंकाचाच एक भाग असतो. सारांश, मूळ कागद आहे तसा ठेवून भागणार नाही, त्याची प्रत काढली पाहिजे, इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे. तंटा त्यापुढे सुरू होतो.

मायक्रोफिल्मची कुळकथा मोठी मौजेची आहे. १८३९ साली, छायाचित्रणाची कला जन्मास येत होती त्याच वर्षी, मँचेस्टरच्या जॉन डॅन्सर नावाच्या उपकरणकाराने एक आखा कागद मोहरीएवढ्या जागेत उतरवून दाखवला, आणि लोकांनी ते खेळणे म्हणून पाहिले. १८७०-७१ मध्ये पॅरिसला जर्मन फौजेचा वेढा पडला तेव्हा रेने दाग्रों याने त्याच युक्तीने हजारो पत्रे तलम पापुद्र्यांवर उतरवून कबुतरांच्या शेपटीला बांधून शहरात पोचवली. पण या विद्येला स्थिर धंद्याचे रूप आले ते १९२० नंतर, न्यूयॉर्कच्या मॅकार्थी नावाच्या एका बँकवाल्यामुळे, ज्याला ग्राहकांना परत दिलेल्या धनादेशांची पक्की नोंद आपल्याजवळ असावी असे वाटत होते. १९२८ पासून कोडॅक कंपनीने ते यंत्र विकायला काढले आणि १९३५ च्या सुमारास न्यूयॉर्क टाइम्सचे अंक त्यावर उतरू लागले. म्हणजे तिकडेही पहिली पेटी उघडली ती सावकाराने, इतिहासकार मागून आला.

फिल्मचे काम सरळ आहे. शंभर फुटांच्या एका रिळावर सहाशे-सातशे चौकटी मावतात. जिलेटिनच्या थरात चांदीचे सूक्ष्म कण असतात, आणि जिथे प्रकाश पडला तिथे ती चांदी काळी उमटून त्यात अक्षर कोरे राहते. खामगावला आमचे लोक रजतनगरी म्हणतात. तिथल्या पेढ्यांवर चांदीची पैंजणे आणि देवाची भांडी तोलली जातात, पण हाच धातू माणसाचे अक्षर पाचशे वर्षे धरून ठेवतो हे तिथल्या किती सराफांना ठाऊक असेल कोण जाणे. पाचशे वर्षांचा हा अंदाज पॉलिस्टर पट्टीवरच्या, नीट धुतलेल्या, थंड आणि कोरड्या जागी ठेवलेल्या फिल्मविषयीचा आहे, हे मात्र विसरू नये. त्याआधीची असिटेटची पट्टी उष्ण दमट हवेत कुजते आणि डबा उघडताच शिरक्याचा आंबट वास नाकात जातो. पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी धरते. आणि मलकापूर-नांदुऱ्याकडच्या, उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जाणाऱ्या हवेत फिल्मचा डबा पत्र्याच्या छपराखाली ठेवणे म्हणजे तो भट्टीत ठेवणे होय. बुलढाणा गाव घाटावर, थंड हवेचे. साहेबाने जिल्ह्याचे ठाणे तिथे नेले त्याला हवाही कारण असावी, आणि फिल्मलाही तीच हवा मानवेल.

या फिल्मचा एक गुण मी स्वतः अनुभवला आहे. एका मोठ्या शहरातल्या ग्रंथालयात जुन्या वृत्तपत्राचे रीळ पाहण्यास गेलो, तेव्हा वाचनयंत्राचा दिवा आठ महिन्यांपूर्वीच गेलेला आणि नवा मिळत नाही असे उत्तर. तीनशे मैलांचा प्रवास फुकट गेला म्हणून मी मनातल्या मनात शिव्या देत बसलो असता तिथल्या वृद्ध शिपायाने खिशातून छापखानेवाले वापरतात तसले घडीचे भिंग काढले, रिळाचे टोक खिडकीच्या काचेशी धरले आणि म्हणाला, वाचा. डोळा दुखला, मान दुखली, पण हवी ती बातमी मी उतरवून घेतली. उजेड आणि भिंग, यापलीकडे त्या वस्तूला माणसाकडून काही नको होते.

आता दुसरी बाजू. स्कॅनिंगने जे साधते ते फिल्मने साधत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर अंमलदाराची तांबडी सही आणि कारकुनाची काळी ओळ सारखीच दिसते. स्कॅनमध्ये रंग राहतो, पुसट अक्षर गडद करता येते, आणि देऊळगावराजाच्या शेतकऱ्याला एका उताऱ्यासाठी एस. टी.ने जिल्ह्याला जावे लागत नाही. शेजारच्या अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतले जुने सातबारा व फेरफार स्कॅन होऊन शासनाच्या संकेतस्थळावर मिळू लागले, तेव्हा कित्येकांचा रोजगार बुडायचा वाचला. फिल्मच्या भक्तांनी या गोष्टीकडे नाक मुरडू नये. रीळ कपाटात पाचशे वर्षे टिकले आणि पाच माणसांनी पाहिले, तर त्या टिकण्याला काय चाटायचे?

पण स्कॅनिंग कसे होते तेही मी पाहिले आहे. एका कचेरीत, नाव सांगण्याचे कारण नाही, ठेकेदाराची दोन पोरे पानामागे ठरलेल्या पैशांवर काम करीत होती. पानाचा दुमडलेला कोपरा उलगडायला वेळ लागतो, म्हणून तो दुमडलेलाच यंत्राखाली जाई. पाठीवर मोडीत शेरा असे, पण पाठ कोरी धरायची असा नियम पडलेला. फाईल लहान व्हावी म्हणून चित्र निव्वळ काळे-पांढरे, मधली करडी छटा नाही. त्यामुळे पेन्सिलीने केलेली दुरुस्ती नाहीशी झाली आणि कागदावरचा पाण्याचा डाग शाईसारखा काळाकुट्ट उमटला. सर्वांत मोठी चूक नावांची: चित्रांना नुसते अनुक्रमांक, गावही नाही आणि सालही नाही. शेवटी सारे काम काही चकत्यांवर उतरवून, पाकिटात घालून, कपाटात ठेवले गेले. काही वर्षांनी मी पुन्हा गेलो तो चकती वाचणारे यंत्रच कचेरीत उरलेले नव्हते, आणि बाहेरून आणलेल्या यंत्राला त्यांतल्या निम्म्या चकत्या वाचता आल्या नाहीत. तिथे खिडकी होती, भिंगही मिळाले असते. त्यांचा काही उपयोग नव्हता.

हे केवळ आमच्याकडचे गबाळेपण समजू नये. इंग्लंडात १०८६ सालचे डूम्सडे बुक, जी त्यांची जमाबंदीच म्हणायची, आजही वाचता येते. १९८६ मध्ये त्याच्या नऊशेव्या वर्षानिमित्त बी.बी.सी.ने लाखो लोकांच्या सहकार्याने नवे डूम्सडे तयार करून लेझर चकत्यांवर घातले, आणि पंधरा-सोळा वर्षांतच ते वाचणारी यंत्रे दुर्मीळ होऊन ते सोडवून घेण्यासाठी विद्वानांना कंबर कसावी लागली. आपल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने असंख्य मराठी पुस्तके स्कॅन केली, त्यांत पाने गाळली, नावे रोमनमध्ये ओळखू न येण्याइतकी मोडली, आणि एके दिवशी ते संकेतस्थळच बंद पडले. पुस्तके आज मिळतात ती इंटरनेट आर्काइव्हवर त्यांच्या प्रती आधीच जाऊन बसल्या होत्या म्हणून.

विचार करता मला वाटते, या दोन्ही रीती आपल्याला परक्या नाहीतच. शेजारच्या वाशीमला वाकाटक राजा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. चौथ्या शतकाच्या सुमाराचा हा लेख मधल्या पंधरा-सोळाशे वर्षांत कोणी वाचला नाही, कोणी जपला नाही, कोणाला तो आहे हेही ठाऊक नव्हते. आणि तरी सापडला तेव्हा त्याने वत्सगुल्माच्या राजशाखेची वंशावळ सांगितली. फिल्म ही अशी. जर्मनीने १९७५ पासून काळ्या अरण्यातल्या एका जुन्या खाणीत पोलादी पिंपांत भरून अब्जाहून अधिक पानांची मायक्रोफिल्म ठेवली आहे, ती याच हिशेबाने: उद्या कोणी नसले तरी परवा कोणी तरी खणील. उलट पोथी. लीळाचरित्रात आमच्या मेहकर-लोणारची नावे येतात; ते लीळाचरित्र मूळ प्रत नष्ट झाल्यावर स्मरणातून पुन्हा उभे केले अशी परंपरा आहे, आणि नंतर पिढ्यान्‌पिढ्या महानुभावांनी ते उतरवून, सांकेतिक लिपीत दडवून, पुन्हा उतरवून राखले. पोथीचा कागद टिकला म्हणून ती टिकली नाही. जुनी जीर्ण होण्याआधी नवी उतरवणारा बसलेला होता म्हणून टिकली. संगणकातली प्रत ही पोथी आहे. ती दर पाच-सात वर्षांनी नव्या यंत्रावर उतरवावी लागते, उतरवताना अक्षर गळले नाही ना हे ताडून पाहावे लागते, एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी लागते. हे करणारा मठ असेल तर ती फिल्मपेक्षाही दीर्घायुषी. मठ ओस पडला, अनुदान थांबले, ठेका संपला, की ती एका पिढीत नाहीशी होते, आणि जाताना भुगासुद्धा मागे ठेवत नाही.

म्हणून जिल्ह्याच्या कागदांना सरसकट एकच औषध देऊ नये, असे माझे मत आहे. सातबारा, फेरफार, दाखल-खारीज, ज्यांना रोज गिऱ्हाईक आहे, त्यांचे स्कॅनिंगच व्हावे. त्यांची भाकरी अजून चालू आहे, आणि ज्याला दाखला हवा तोच ओरडून ती प्रत जिवंत ठेवील. परंतु कोतवाल बुके, मोडीतली हस्तलिखिते, खामगावच्या कापूस आणि चांदीच्या पेढ्यांवरच्या जुन्या खतावण्या, ज्यांची जगात दुसरी प्रत नाही आणि १९६७ ची अट ज्या दिवशी बदलेल त्या दिवसापासून ज्यांना कोणी विचारणार नाही, त्यांची फिल्म काढावी. आता स्कॅन केलेले चित्र थेट फिल्मवर उतरवणारी यंत्रेही आहेत. तेव्हा कागद दोनदा हाताळण्याची गरज नाही. खर्च होईल, पण संख्या फार नाही.

आणि एक. प्रत झाली म्हणून मूळ रद्दीत घालू नये. अमेरिकेतल्या थोर ग्रंथालयांनी फिल्म झाल्यावर वृत्तपत्रांचे बांधीव खंड विकून टाकले, पुस्तकांच्या शिवणी कापल्या. निकल्सन बेकर या लेखकाने २००१ साली त्यावर ‘डबल फोल्ड’ नावाचे जळजळीत पुस्तक लिहिले तेव्हा कळले की कित्येक फिल्म अंधुक होत्या, काहींत पानेच नव्हती, आणि पडताळायला मूळ उरले नव्हते. आपल्याकडे अभिलेख कक्षात जागा नाही ही सबब नेहमीचीच. जागा नव्या फर्निचरला सापडते.

गेल्या दसऱ्याला आजोळी गेलो होतो. पटवारकी गेली, वतन गेले, आजोबा गेले. पेटी माळ्यावर आहे. मामेभावाने सारे कागद फोनवर टिपून घेतले होते, पुढे-मागे, पाठीवरच्या शेऱ्यांसकट, माझ्या सांगण्यावरून प्रत्येक चित्राला गाव आणि फसली साल घालून. मग त्याने ते एका पेनड्राइव्हवर उतरवले. पेटी बंद करताना तो बोटाएवढा तुकडा हातात धरून क्षणभर थबकला, खारव्याच्या रुमालात, कागदांच्या थप्पीवर ठेवला, आणि विचारू लागला,

“याले बी वेखंड घालाव लागते का, दादा?”

मी म्हटले, घाल. आणि पुढच्या दसऱ्याला काढून पाहा, लागतो का.